अंदाजे एक डेक

मंडळी, गेले सात वीकांत मी कुठे गायब होतो असं दोघातिघांनी विचारलं. घरामागे डेक बांधत होतो. ठरवलं होतं दोन वीकांतांत उरकायचं. दोनाचे सात कसे झाले ते आज लिहितोय, आणि आपण आयटीवाले ज्याला 'एस्टिमेट' म्हणतो त्या प्रकाराबद्दलही थोडं बोलायचंय.

ज्यांना डेक म्हटलं की जहाजच आठवतं त्यांच्यासाठी: अमेरिकेत घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की जो लाकडी ओटा असतो तो डेक. उन्हाळ्याचे चार महिने सगळं घर तिथेच राहतं. चहा तिथे, बार्बेक्यू तिथे, तुळस पण तिथेच. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडच्या एका उपनगरात राहतो. आमचं मागचं दार जमिनीपासून ३४ इंच वर आहे, म्हणजे ओटा नसेल तर दार उघडून नुसतं आकाश बघायचं.

घराबरोबर जुना डेक फुकट आला होता. फळ्या काळ्या पडलेल्या, चिरफळलेल्या. जूनमध्ये आई-बाबा यायचे होते, बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून एप्रिलमध्ये म्हटलं वरच्या फळ्या तेवढ्या बदलून टाकू. पहिल्या तीन फळ्या उपटल्या आणि खाली वाकून बघितलं. घराच्या भिंतीला लागून एक आडवी फळी असते, तिला इथे लेजर म्हणतात. डेकचा जवळजवळ अर्धा भार ह्या एका फळीवर असतो. आमची लेजर नुसत्या खिळ्यांवर होती, आणि तीही बाहेरच्या प्लास्टिकच्या सायडिंगवरच ठोकलेली. मागे पाणी जाऊ नये म्हणून पत्र्याची पट्टी लावतात, ती नव्हतीच. स्क्रूड्रायव्हर टोचून बघितला तर कुजक्या भोपळ्यात घुसावा तसा मुठीपर्यंत आत गेला.

मी तिथेच गवतात बसलो. कारण आदल्या गणपतीत आरती झाल्यावर ताटं घेऊन ह्याच डेकवर बावीस माणसं उभी होती. त्यात पाच पोरं उड्या मारत होती. माणशी दीडशे पौंड धरले तरी ३,३०० पौंड. त्यातला निम्मा भार त्या भोपळ्यावर!

शिकागोत राहणाऱ्याला ह्या बाबतीत आठवण करून द्यावी लागत नाही. २९ जून २००३ ला लिंकन पार्क भागात एका इमारतीचा मागचा लाकडी सज्जा पार्टी चालू असताना कोसळला आणि १३ तरुण मुलं-मुली गेली. आपल्याच वयाची. तो सज्जा परवानगी न घेता बांधला होता, असं शहर प्रशासनाने नंतर सांगितलं. ही बातमी मला घर घेतानाही माहीत होती. पण माहीत असणं वेगळं आणि स्क्रूड्रायव्हर आत जाणं वेगळं.

तर फळ्या बदलायचं काम रद्द. सगळा डेक पाडून नवीन बांधायचा.

आता सुरू झालं एस्टिमेट. ऑफिसात मी हे रोज करतो. कोणीतरी विचारतं 'किती लागतील?', मी दोन सेकंद छताकडे बघतो आणि म्हणतो 'पाच पॉइंट'. तीच बुद्धी इथेही चालवली. मित्रांना विचारलं तर एकाने स्क्वेअर फुटाला अमुक डॉलर असा दर सांगितला, दुसऱ्याने त्याच्या दीडपट. माझा डेक १६ फूट लांब आणि १२ फूट रुंद, म्हणजे १९२ चौरस फूट. गुणाकार केला, दहा टक्के घट धरली, आकडा बायकोला सांगितला. ती म्हणाली, "अरे पण ह्यात आहे काय काय?" मी म्हटलं, सगळं आहे. काय काय ते मलाही माहीत नव्हतं!

शनिवारी रात्री नऊ वाजता, म्हणजे तिकडे रविवारी सकाळी साडेसातला, बाबांना फोन लावला. बाबा सार्वजनिक बांधकाम खात्यातून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेत. आयुष्यभर रस्ते, मोऱ्या आणि शाळाखोल्या मोजल्या. मोठ्या अभिमानाने त्यांना माझा आकडा सांगितला. ते म्हणाले, "हा अंदाज झाला. अंदाजपत्रक कुठेय?"

मला वाटलं शब्दाशी खेळतायत. पण नाही. त्यांच्या लेखी ह्या दोन गोष्टींचा एकमेकांशी काही संबंधच नाही. अंदाज तोंडी असतो. अंदाजपत्रक कागदावर असतं आणि त्याला रकाने असतात: अनुक्रमांक, तपशील, नग, लांबी, रुंदी, उंची, परिमाण. दर सगळ्यात शेवटी येतो. मी सुरुवातच दरापासून केली होती, त्यामुळे मधले सगळे रकाने गिळले गेले. "फळ्या किती, तुळया किती, खांब किती, खड्डे किती खोल, ते एकेक लिही. मग मला फोन कर," असं म्हणून त्यांनी ठेवला. (चहा व्हायचा होता.)

लिहायला बसलो आणि पहिल्याच ओळीत आपटलो. इथे फळी 'सहा इंची' म्हणून विकतात, ती भरते साडेपाच इंच. 'दोन बाय चार' प्रत्यक्षात दीड बाय साडेतीन असतं. ही फसवणूक नाही, लाकूड रंधून गुळगुळीत करण्यात तेवढं जातं आणि नाव जुनंच राहतं. पण माझ्या गुणाकारात १२ फूट म्हणजे १४४ इंच, भागिले सहा, म्हणजे २४ फळ्या. दहा टक्के घट मिळवून २७. प्रत्यक्षात साडेपाच इंचाची फळी अधिक अष्टमांश इंचाची फट, म्हणजे २६ ओळी. म्हणजे ती दहा टक्के घट जवळजवळ सगळी माझ्या अज्ञानातच खर्च झाली, खऱ्या घटीसाठी उरली एक फळी. पायऱ्यांच्या फळ्या तर धरल्याच नव्हत्या. ३४ इंच चढायचे तर पाच उंच्या लागतात, कारण इथल्या नियमाप्रमाणे एक पायरी पावणेआठ इंचांपेक्षा उंच चालत नाही. म्हणजे चार पायऱ्या, प्रत्येकी दोन फळ्या, चार-चार फुटांच्या. त्याला दोन अख्ख्या फळ्या गेल्या. वाकड्या निघणाऱ्यांसाठी दोन जास्त धरल्या. एकूण ३०.

ह्या दहा टक्क्यांवर माझा आता राग आहे. ऑफिसात त्याला बफर म्हणतात. बफर म्हणजे काय, तर काय चुकणार आहे ते शोधायचा कंटाळा आला की टाकायचा आकडा. घट खरी असते, फळी वाकडी निघते, कापताना तुकडा वाया जातो. पण ती घट ज्या वस्तूची आहे तिच्या ओळीत लिहावी. एकूण बेरजेवर शिंपडली की ती चुका झाकायलाच वापरली जाते, आणि खरी अडचण आली की डबा रिकामा.

दुसरी ओळ जॉइस्टची, म्हणजे फळ्यांखालच्या आडव्या तुळयांची. दर १६ इंचांवर एक. १६ फूट म्हणजे १९२ इंच, भागिले १६, बारा. बारा तुळया लिहून मोकळा झालो. रात्री दात घासताना लक्षात आलं की बारा हे गाळे आहेत, तुळया तेरा! ह्या चुकीला आपल्या धंद्यात नावच 'फेन्सपोस्ट एरर' आहे, कुंपणाच्या खांबांची चूक. दहा वर्षं कोडमध्ये ती पकडतोय, आणि खरोखरचे खांब-तुळया समोर आल्यावर मीच ती केली. हसू नका.

मग भोकं. तीन खांब, खाली तीन काँक्रीटचे पाये. आमच्याकडे हिवाळ्यात जमीन गोठते आणि गोठलेली जमीन फुगून पाया वर उचलते, म्हणून पाया ४२ इंच खोल न्यावा लागतो. हे माहीत होतं. रुंदी मात्र मी दुकानात जो १२ इंची पुठ्ठ्याचा नळा दिसला त्यावरून ठरवली. त्या हिशेबाने ८० पौंडांची १४ पोती लागत होती. एका पोत्यातून ०.६ घनफूट काँक्रीट होतं, हे पोत्यावरच छापलेलं असतं.

हाच कागद परवानगीच्या अर्जाला जोडला. हो, परवानगी. "अरे मागच्या अंगणात कोण बघतंय?" असं मला किमान चार जणांनी सांगितलं, त्यातले दोन सिव्हिलचे! कोणी बघत नाही हे खरंच आहे. माझ्या घराच्या आधीच्या मालकाचंही कोणी बघितलं नव्हतं, म्हणून तर ते खिळे.

आठवड्याभराने कागद लाल शेरे घेऊन परत आला. मधल्या पायावर भार किती येतो ते लिहा. हे मी काढलंच नव्हतं. काढायला फार विद्या लागत नाही: चौरस फुटाला ४० पौंड माणसांचे-सामानाचे आणि १० पौंड लाकडाचे असे ५० धरायचे, मधल्या खांबाच्या वाट्याला साधारण पन्नास चौरस फूट येतात, म्हणजे अडीच हजार पौंड. आमची माती चिकण, ती चौरस फुटाला दीड हजार पौंड पेलते असं नियमात धरतात. १२ इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ पाऊण चौरस फुटाच्या किंचित वर, म्हणजे जेमतेम बाराशे पौंड. निम्मंसुद्धा नाही! १८ इंची केलं की साडेसव्वीसशे होतात आणि काम भागतं. रुंदी दीडपट झाली की काँक्रीट सव्वादोनपट होतं. चौदा पोत्यांची एकतीस झाली.

त्या परीक्षकाचा मला राग यायला हवा होता. प्रत्यक्षात असं वाटलं की त्याला मिठाई द्यावी. (देता येत नाही, लाच होते.) चौदा पोत्यांत मी तो डेक बांधला असता. दिसायला छान झाला असता, फोटो टाकले असते, आणि एक-दोन पावसाळी वर्षांत मधला खांब हळूहळू खाली बसला असता. हा खर्च ना त्या स्क्वेअर फुटाच्या दरात दिसत होता, ना माझ्या दहा टक्क्यांत.

बाबांना पुन्हा फोन. "एकतीस पोती? विहीर बांधतोयस का रे?" त्यांना वाटलं पन्नास किलोची सिमेंटची पोती. समजावून सांगितलं की इथे पोत्यात वाळू-खडीसकट सगळं मिसळून मिळतं, नुसतं पाणी घालायचं. "मग काँक्रीट किती होतंय ते सांग." साडेअठरा घनफूट. "म्हणजे पाव ब्रासपण नाही!" असं म्हणून ते इतके हसले की मागून आईने विचारलं काय झालं. पाव ब्रास नसेल, पण एकतीस पोत्यांचं वजन सव्वाअकराशे किलो होतं आणि माझी गाडी ते एका खेपेत नेऊ शकत नाही, म्हणजे डिलिव्हरीचा खर्च. ही ओळ बाबांनीच घालायला लावली. 'वाहतूक' हा त्यांच्या प्रत्येक अंदाजपत्रकातला लाडका शब्द.

उलटा प्रकारही झाला. जाड सहा बाय सहाचे तीन खांब लिहिले होते. मग ड्रॉइंगवर उंची वजा करत गेलो: ३४ इंचांतून फळी एक इंच, तुळई सव्वानऊ, खालची जोडतुळई सव्वानऊ. उरले साडेचौदा इंच! आठ फुटी एकाच लाकडातून तिन्ही खांब निघाले, वर तुकडा उरला. कठड्याचे उभे गज मात्र साफ विसरलो होतो. डेक ३० इंचांपेक्षा उंच असेल तर ३६ इंची कठडा सक्तीचा, आणि दोन गजांच्या मधून चार इंचांचा चेंडू जाता कामा नये (म्हणजे बाळाचं डोकं). मोजले तर शंभरच्या आसपास गज. शंभर! 'सगळं आहे' म्हणालो होतो त्यात हे शून्य होते.

आता वेळेबद्दल. दोन वीकांतांचा अंदाज मी हाताने काम करायच्या तासांवरून काढला होता, आणि गंमत म्हणजे ते तास फारसे चुकले नाहीत. चुकलं ते मधलं थांबणं. खणण्याआधी ८११ ला फोन करायचा, इलिनॉयमध्ये त्या संस्थेचं नाव 'ज्युली' आहे (बाबांच्या पिढीला वेगळंच काही आठवेल). ती माणसं येऊन जमिनीवर रंग मारतात: लाल म्हणजे वीज, निळा म्हणजे पाणी, पिवळा म्हणजे गॅस. आमच्या मधल्या खड्ड्याच्या अगदी जवळून पिवळी रेघ गेली. तो खड्डा भाड्याच्या यंत्राने न करता हातानेच खणला, जीव मुठीत धरून.

खड्डे झाले की काँक्रीट ओतण्याआधी इन्स्पेक्टरने ते बघायचे असतात. इन्स्पेक्टर येतो सोमवार ते शुक्रवार. मी खणतो शनिवार-रविवार. म्हणजे रविवारी खड्डा तयार, बुधवारी पास, शनिवारी ओतायचा. मधल्या गुरुवारी पाऊस पडला आणि तिन्ही खड्ड्यांत गुडघाभर पाणी, एकाची बाजू ढासळली. एक वीकांत बादलीने पाणी उपसण्यात गेला. मग सांगाडा झाल्यावर पुन्हा तपासणी, कारण फळ्या टाकल्यावर खालचं दिसत नाही. वीकांतात काम करणाऱ्या माणसाने वीकांतातच सगळं होईल असं धरलं, ही माझी मूळ चूक. माझा प्लॅन फक्त माझ्या कामाचा होता. डेकचा नव्हता.

प्रोजेक्ट प्लॅनमध्ये आपण हेच करतो की नाही सांगा. माझे कोडिंगचे दिवस मी बरोबर सांगतो. सिक्युरिटीवाला कधी मंजुरी देणार, टेस्टचं एन्व्हायर्नमेंट कधी मिळणार, समोरच्या टीमचा माणूस कधी सुट्टीवर आहे, ह्याच्या ओळीच नसतात. मग उशीर झाला की सगळे म्हणतात एस्टिमेशन अवघड असतं बुवा. अवघड असतं, मान्य. पण आपण तर यादीसुद्धा करत नाही. कोणी म्हणेल सॉफ्टवेअर म्हणजे डेक नव्हे, तिथे काय बांधायचं तेच आधी माहीत नसतं. अर्धं खरं आहे. मलाही गॅसची रेघ आधी माहीत नव्हती. पण 'खणण्याआधी विचारणे' ही ओळ कागदावर असेल तर रेघ कुदळ मारण्याआधी सापडते.

बांधकामाबद्दल फार लिहीत नाही, त्याचे व्हिडिओ ढिगाने आहेत. लेजर मात्र सांगतो. सायडिंग कापून, कुजलेला भाग काढून, आत नवीन लाकूड भरून, वर पत्र्याची पट्टी वाकवून लावली. मग अर्ध्या इंची जाड गॅल्व्हनाइज्ड स्क्रू, दर १५ इंचांवर एक, खालीवर खालीवर. साधे स्क्रू इथे चालत नाहीत. लाकडाला वाळवी-बुरशी लागू नये म्हणून जे रसायन मुरवतात त्यात तांबं असतं आणि ते साधं लोखंड खाऊन टाकतं. काटकोन बघायला बाबांनी व्हिडिओ कॉलवर ९-१२-१५ ची दोरी धरायला लावली, आणि पाणसळ फोनच्या ॲपने बघतोय म्हटल्यावर जे तोंड केलं ते इथे लिहिता येणार नाही. दुसऱ्या दिवशी खरी पाणसळ आणली. ॲप सहा फुटांत पाव इंच चुकवत होतं.

एकूण खर्च माझ्या पहिल्या आकड्याच्या दीडपटीला थोडा कमी झाला. अंदाजपत्रकातल्या आकड्याच्या मात्र अगदी जवळ, चुकलं ते लाकडाच्या भावामुळे. मे २०२१ मध्ये हेच लाकूड हजार बोर्डफुटाला दीड हजार डॉलरच्या वर गेलं होतं, त्या मानाने मी सुखात आहे. तेव्हा ज्यांनी एका दराने डेकचे करार केले असतील त्यांचं काय झालं असेल कोण जाणे.

मागच्या मंगळवारी शेवटची तपासणी झाली. इन्स्पेक्टर खाली वाकून लेजरकडे बराच वेळ बघत होता, माझा श्वास अडकलेला. मग कठड्याला दोन्ही हातांनी गदागदा हलवून बघितलं, सही केली आणि गेला. संध्याकाळी मी एकटाच मध्यभागी उभं राहून उड्या मारल्या. शेजारच्या आजीबाई कुंपणावरून बघत होत्या, त्यांना काय वाटलं असेल ते असो.

बाबांना फोन केला. अभिनंदन वगैरे काही नाही, पहिला प्रश्न, "शिल्लक किती?" मी सांगितलं: दीड फळी, गजांचे सात नग, एक डबा स्क्रू, खांबाचा एक तुकडा, दोन पोती. "पोती परत कर, ओल धरतील. आणि रंग?" रंग लगेच देत नाहीत, हे लाकूड ओलं असतं, ते वाळेपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे तो नंतर द्यायचाय, आणि तो कागदावर कुठेच नाहीये.

"पुरवणी अंदाजपत्रक टाक," बाबा म्हणाले. "आणि ब्रश दोन आण. तोवर मी येतोच आहे."